नाकारलेला प्रबंध: पिएर द्युएम यांचे 1884 चे प्रकरण

1884 साली पॅरिसमध्ये भौतिकशास्त्राचा एक प्रबंध नाकारला गेला. लिहिणारा एकोल नॉर्माल सुपेरिअर या पॅरिसमधल्या नामांकित उच्चशिक्षण संस्थेतला 23 वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचा मध्यवर्ती दावा बरोबर होता; आज रासायनिक समतोल शिकणारा कोणीही त्याच दाव्यापासून सुरुवात करतो. ज्या तत्त्वाला त्याने आव्हान दिले होते ते आता विज्ञानाच्या इतिहासातच भेटते. तरीही प्रबंध पडला, आणि त्या नकाराने लेखकाचा पत्ता कायमचा बदलला. जन्माने पॅरिसचा असलेला हा माणूस पॅरिसमध्ये प्राध्यापक म्हणून कधीच उभा राहू शकला नाही.

पिएर द्युएम हे नाव आज विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात ‘द्युएम-क्वाइन सिद्धान्त’ या जोडनावात उच्चारले जाते. सिद्धान्त थोडक्यात असा: प्रयोग फसला तर आपल्या समजुतींत कुठेतरी चूक आहे एवढेच कळते, चूक नेमकी कुठे आहे ते प्रयोग सांगत नाही. पाठ्यपुस्तकात हा तर्कशास्त्राचा एक मुद्दा म्हणून येतो आणि पान उलटले जाते. मला मात्र तो 1884 च्या त्या परीक्षेपासून वेगळा काढता येत नाही. चुकीच्या तत्त्वालाही डागडुजी करून जगवता येते हे ज्याने पुढे दाखवून दिले, त्याने तसे एक तत्त्व जगवले जाताना अगदी जवळून पाहिले होते, आणि त्याची किंमतही मोजली होती. हा दुवा जोडणे माझे. पण त्याची दोन्ही टोके छापील कागदावर आहेत.

वादाचे मूळ

मार्सेलँ बेर्तलो हे त्या काळच्या फ्रेंच रसायनशास्त्रातले सर्वांत वजनदार नाव. सेंद्रिय पदार्थ प्रयोगशाळेत घडवता येतात हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते, 1881 पासून तहहयात सिनेटर होते, पुढे शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्रीही झाले. 1879 मध्ये त्यांनी रासायनिक यांत्रिकीवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्या केंद्रस्थानी होते ‘महत्तम कार्याचे तत्त्व’: बाहेरून ऊर्जा न पुरवता घडणारा रासायनिक बदल नेहमी अशा पदार्थांकडे झुकतो, जे तयार होताना सर्वांत जास्त उष्णता बाहेर पडते.

तत्त्व आकर्षक होते यात शंका नाही. उष्णतामापकात उष्णता मोजा आणि कोणती क्रिया घडेल ते सांगा. एका आकड्यावर अख्ख्या रसायनशास्त्राची दिशा ठरते. बेर्तलो यांनी मोजमापांचे डोंगर उभे केले होते आणि बहुतेक ठिकाणी तत्त्व लागूही पडत होते.

बहुतेक ठिकाणी. नवसागर पाण्यात टाका. तो आपणहून विरघळतो आणि पाणी गार होते. उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत शोषली जाते. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल एकत्र ठेवा. क्रिया अर्ध्या वाटेवर थांबते. उलट बाजूने, म्हणजे एस्टर (अल्कोहोल आणि आम्लापासून बनणारे संयुग) आणि पाण्यापासून निघालात, तरी त्याच मुक्कामावर येऊन थांबता. हा दुसरा शोध तर 1860 च्या दशकात खुद्द बेर्तलो यांनीच एका सहकाऱ्यासोबत लावला होता. बदलाची दिशा फक्त उष्णता ठरवत असेल, तर क्रिया एका टोकाला जाऊन पोचायला हवी. मध्येच थांबण्याचे कारण या तत्त्वात कुठेच नाही.

यावर बचाव तयार होता. विरघळणे हा ‘भौतिक’ बदल आहे, ‘रासायनिक’ नव्हे, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. उष्णता शोषणारी क्रिया घडली, तर तिथे बाहेरची ऊर्जा कामाला लागली असे समजायचे. अशी वजाबाकी करत गेले की शेवटी तत्त्वाला धरून असलेल्याच क्रिया उरतात. 1897 मध्ये द्युएम यांनी बेर्तलो यांच्या नव्या ग्रंथावर लिहिताना याच दुखण्यावर बोट ठेवले: कोणता बदल रासायनिक आणि कोणता भौतिक हे तत्त्वाला सोयीचे होईल तसे ठरवले, तर ते तत्त्व निसर्गाविषयी काहीच सांगत नाही. पण ही तेरा वर्षांनंतरची गोष्ट झाली.

प्रबंधात काय होते

द्युएम यांचा जन्म 9 जून 1861 चा. आई दक्षिणेकडच्या लांगदॉकची, वडील कापड व्यवसायातले. 1872 मध्ये घटसर्पाने घरातली दोन लहान भावंडे गेली. पुढे कोलेज स्तानिस्लासमध्ये जूल मुतिए नावाचे शिक्षक भेटले आणि त्यांनी ऊष्मागतिकीची, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राची, गोडी लावली. 1882 मध्ये एकोल नॉर्मालच्या प्रवेशपरीक्षेत द्युएम पहिले आले.

त्या वेळी ऊष्मागतिकीत मोठी उलथापालथ चालू होती. अमेरिकेत विलार्ड गिब्ज यांनी 1876 ते 1878 दरम्यान विषमांगी पदार्थांच्या समतोलावरचा दीर्घ लेख प्रसिद्ध केला होता, पण तो कनेक्टिकट अकादमीच्या नियतकालिकात, युरोपात जवळपास कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी. 1882 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी जर्मनीत ‘मुक्त ऊर्जे’ची कल्पना मांडली. फ्रान्समध्ये फ्रांस्वा मासिए यांनी 1869 मध्येच तशी गणिती फलने दिली होती. विशीतल्या द्युएम यांनी हे सगळे धागे एकत्र घेतले आणि ‘ऊष्मागतिकीय विभव’ हा शब्द रसायनशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला.

कल्पना अशी. भांड्याच्या तळाशी गोटी स्थिरावते, कारण तिथे तिची स्थितिज ऊर्जा सर्वांत कमी असते. रासायनिक मिश्रणही असेच कोणत्या तरी राशीच्या तळाशी स्थिरावत असणार. बेर्तलो यांच्या मते ती राशी म्हणजे उष्णतेचा हिशेब. द्युएम म्हणाले, नाही. उष्णतेच्या हिशेबातून तापमान आणि एंट्रॉपी (ढोबळपणे, विखुरलेपणाचे माप) यांचा गुणाकार वजा करा, मग खरी राशी मिळते. या वजाबाकीनंतर सगळे कोडे सुटते. नवसागर विरघळतो कारण विरघळल्याने एंट्रॉपी पुरेशी वाढते. अल्कोहोल आणि आम्लाची क्रिया मध्ये थांबते कारण विभवाचा तळ मध्ये कुठेतरी आहे. वजा होणारा भाग जिथे लहान, तिथे दिशा उष्णताच ठरवते. म्हणून तर बेर्तलो यांचे तत्त्व इतक्या ठिकाणी बरोबर येत होते!

जुने तत्त्व कुठे चुकते हे तर कळलेच, पण ते इतका काळ बरोबर का भासले हेही त्याच समीकरणातून निघाले. विज्ञानात एखादे मत खोडण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. यात प्रतिपक्षाच्या कष्टांचा मानही राहतो. त्यांची मोजमापे टाकून द्यावी लागत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो.

निकाल

परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमान, ज्यांना पुढे 1908 मध्ये नोबेल मिळाले. सोबत शार्ल एर्मीत आणि एमिल पिकार हे दोन मोठे गणिती. प्रबंध नाकारला गेला.

द्युएम यांच्या चरित्रकारांनी यामागे बेर्तलो यांचे वजन असल्याचे लिहिले आहे. हा तरुण पॅरिसमध्ये कधीही शिकवणार नाही असे बेर्तलो म्हणाल्याचे सांगितले जाते. ही हकीकत आपल्याकडे मुख्यतः द्युएम यांच्या बाजूने आली आहे. त्यांची मुलगी एलेन हिने 1936 मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले. तेव्हा ही हकीकत वाचताना थोडे सावध राहायला हवे. राजकारणाचाही ताण होता. बेर्तलो प्रजासत्ताकवादी, धर्मसत्तेचे विरोधक. द्युएम निष्ठावान कॅथलिक, राजेशाहीकडे ओढा असलेले, आणि मनातले तोंडावर बोलून टाकणारे. पण या सगळ्यासाठी जागा सोडूनही एक गोष्ट उरतेच: प्रबंध चांगला होता आणि तो पडला.

द्युएम यांनी पुढे जे केले त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. 1885 मध्ये अध्यापनाच्या पात्रता परीक्षेत ते पहिले आले. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत जागा देऊ केली गेली, ती नाकारली. त्यांना सैद्धान्तिक भौतिकशास्त्रच करायचे होते. आणि 1886 मध्ये त्यांनी नाकारलेला प्रबंध पुस्तक म्हणून छापला. प्रकाशक होते पॅरिसचे हेरमान. विद्यापीठाने ज्याला पदवी दिली नाही ते आता कोणीही विकत घेऊन वाचू शकत होते. बेर्तलो यांच्यासारख्या माणसाच्या विरोधातले हे पाऊल 25 वर्षांच्या, डॉक्टरेट नसलेल्या तरुणाने उचलले, हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला त्याच्याविषयी आदर वाटतो, आणि काळजीही.

पदवीसाठी दुसरा प्रबंध लिहावा लागला. विषय बदलला, चुंबकीकरण घेतले. तो 1888 मध्ये गणिताच्या शाखेत मांडला गेला. या वेळच्या परीक्षकांत आंरी प्वांकारे होते. पदवी मिळाली. त्याआधीच, 1887 मध्ये, उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात शिकवायची नोकरी लागली होती.

लील, रेन, बोर्दो

लीलमधली सहा वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत भरलेली. 1890 मध्ये अदेल शाये हिच्याशी लग्न, पुढच्या वर्षी एलेनचा जन्म, आणि 1892 मध्ये दुसऱ्या बाळंतपणात पत्नी आणि बाळ दोघेही गेले. द्युएम 31 वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

त्याच वर्षी त्यांचा तत्त्वज्ञानावरचा पहिला मोठा लेख ब्रुसेल्सच्या एका त्रैमासिकात आला. हे वळण वर्गात सुरू झाले होते. द्युएम यांनीच नंतर सांगितले आहे की सुरुवातीला त्यांचा न्यूटनच्या पद्धतीवर विश्वास होता: प्रयोगातून नियम, नियमातून सिद्धान्त, मध्ये गृहीतकांना थारा नाही. पण लीलच्या हुशार विद्यार्थ्यांपुढे एकेक सिद्धान्त असा उभारायला घेतला की कुठेतरी पायरी निसटायची. विद्यार्थी विचारायचे आणि उत्तर जुळायचे नाही. हा प्रसंग मला फार प्रिय आहे. कितीतरी शिक्षक अशा वेळी आवाज चढवून पुढच्या धड्याकडे जातात.

1893 मध्ये विद्याशाखेच्या प्रमुखांशी खटका उडून त्यांनी लील सोडले. एक वर्ष रेनमध्ये काढले, 1894 मध्ये बोर्दोला आले. बोर्दोमार्गे पॅरिसला जाता येईल अशी आशा होती. ते तिथे 22 वर्षे, शेवटपर्यंत राहिले.

1894 च्या लेखात आणि नंतर 1906 च्या भौतिक सिद्धान्तावरच्या ग्रंथात तो प्रसिद्ध युक्तिवाद येतो. भौतिकशास्त्रज्ञ एकटे गृहीतक कधीच तपासत नाही. भाकीत काढताना तो उपकरणांचे सिद्धान्त, मोजमापाचे नियम, आणखी कितीतरी मान्यता सोबत वापरत असतो. भाकीत खोटे ठरले तर या सगळ्या गाठोड्यात काहीतरी खोटे आहे, इतकेच सिद्ध होते. द्युएम यांनी यासाठी घड्याळजी आणि वैद्य यांची तुलना दिली आहे. बंद पडलेले घड्याळ घड्याळजी उघडतो, एकेक चाक बाहेर काढून पाहतो. वैद्याला रोगी असा सुटा करता येत नाही. पूर्ण शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांवरून त्याला बिघाडाची जागा ताडावी लागते. भौतिकशास्त्रज्ञाचे काम वैद्यासारखे.

यातून ‘निर्णायक प्रयोगा’ची कल्पनाही कोसळते. 1850 मध्ये फूको यांनी दाखवले की प्रकाश पाण्यात हवेपेक्षा सावकाश जातो. यामुळे प्रकाश कणांचा बनलेला आहे हा कणसिद्धान्त मेला आणि प्रकाश म्हणजे तरंग हा तरंगसिद्धान्त सिद्ध झाला, असे मानले गेले. द्युएम म्हणतात, पडला तो कणसिद्धान्ताचा एक विशिष्ट संच. आणि दोनांपैकी एक पडला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही, कारण तिसरी शक्यता संपलेली नसते. 1906 च्या ग्रंथाची प्रकरणे लेखरूपाने क्रमशः छापून येत होती त्याच सुमारास, 1905 मध्ये, आइन्स्टाइन यांनी प्रकाशाच्या पुंजांवरचा, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांवरचा, निबंध प्रसिद्ध केला.

बहुतेक मांडण्या इथे थांबतात. प्रकरणाचा गाभा मात्र पुढच्या दोन-तीन पानांत आहे. तर्क निर्णय देत नसेल, तर निर्णय द्यायचा कोणी? द्युएम यांचे उत्तर: सद्बुद्धीने. भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बियो यांनी कणसिद्धान्ताला वर्षानुवर्षे ठिगळे लावली, आणि फूको यांच्या प्रयोगानंतर सोडून दिली. काटेकोर तर्काने त्यांना तेव्हाही भाग पाडले नसते. पण त्यानंतर अडून राहणे हे शहाणपणाला सोडून झाले असते. ही सद्बुद्धी नियमांत बांधता येत नाही. दोन प्रामाणिक माणसांची सद्बुद्धी काही काळ वेगळे कौलही देऊ शकते.

आणि मग द्युएम एक अट घालतात, ती तर्कशास्त्राच्या पुस्तकात अपेक्षित नसते. ही बुद्धी शाबूत ठेवायची तर मनातले हितसंबंध आणि अहंकार बाजूला ठेवावे लागतात. माणूस स्वतःच्या सिद्धान्ताबाबत फार मवाळ आणि दुसऱ्याच्या बाबत फार कठोर होतो तो अहंकारामुळे. सिद्धान्त वस्तुस्थितीशी जुळतो की नाही हे ठरवायला चांगला गणिती आणि कुशल प्रयोगकर्ता असणे पुरत नाही; निःपक्ष आणि प्रामाणिक न्यायाधीशही असावे लागते.

हा ‘न्यायाधीश’ कुठून आला असेल? द्युएम तिथे बेर्तलो यांचे नाव घेत नाहीत, परीक्षेचे नाव घेत नाहीत; त्या जागी ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांचा हवाला देतात. पण 1884 चा विद्यार्थी त्या वाक्यामागे उभा आहे असे मला ठामपणे वाटते. समोर तीन परीक्षक होते. गणिताची समज त्यांच्याकडे भरपूर होती. कमी काय पडले होते, ते 22 वर्षांनी छापून आले.

दुसरी बाजू

हे प्रकरण एका बाजूने संपवता येत नाही, कारण द्युएम यांनी घातलेली अट त्यांनाही लागू होती. अणूंवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. भौतिकशास्त्राने वस्तूंच्या पडद्याआड काय आहे हे सांगायला जाऊ नये, प्रयोगाच्या नियमांची सुसंगत मांडणी करावी, हे त्यांचे मत. 1908 पासून जाँ पेराँ यांच्या ब्राउनी गतीवरच्या (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड हालचालीवरच्या) प्रयोगांनी अणूंची संख्या मोजता येऊ लागली. अणूंचे कट्टर विरोधक, रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्ड यांनी 1909 मध्ये जाहीरपणे माघार घेतली. द्युएम यांनी 1911 मध्ये ऊर्जाविज्ञानावर दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्यात अणूंचा आधार कुठेच घेतलेला नाही. मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धान्तालाही त्यांचा विरोध राहिला, सापेक्षतेलाही.

बियो यांच्यासाठी त्यांनी जी रेघ आखली होती ती स्वतःसाठी आखली नाही. याचा दोष त्यांच्या तत्त्वज्ञानाला देता येणार नाही; उलट त्याने वर्णन केलेलाच हा दोष आहे. ऊष्मागतिकी हे त्यांचे आयुष्यभराचे घर होते. ते घर अणूंशिवाय पूर्ण उभे राहते हे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते. त्या श्रमांच्या मालकाने निःपक्ष राहणे किती कठीण असेल, हे बेर्तलो यांच्या उष्णतेच्या तक्त्यांकडे पाहून कळते.

पॅरिसची संधी एकदा आली होती. कोलेज द फ्रान्समधल्या विज्ञानेतिहासाच्या अध्यासनासाठी त्यांना विचारले गेले. त्यांनी नकार दिला. आपण भौतिकशास्त्रज्ञ आहोत, पॅरिसला जाऊ तर भौतिकशास्त्र शिकवायला, इतिहासाच्या मागच्या दाराने नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला हा हट्ट पटतो, कारण तो अपमानाच्या नेमक्या जागेवर होता. गंमत ही की विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्याइतके काम त्या काळी क्वचितच कोणी केले. स्थितिकीच्या उगमावर लिहिता लिहिता त्यांना तेराव्या शतकातला जोर्दानुस सापडला, मग बुरिदाँ, मग निकोल ओरेम. गॅलिलिओच्या आधी काही शतके युरोपात यांत्रिकीचा विचार चालू होता हे त्यांनी हस्तलिखिते उतरवून काढत दाखवले, आणि मध्ययुगीन विज्ञान हा अभ्यासविषय उभा राहिला.

अकादमी ऑफ सायन्सेसने 1900 मध्ये त्यांना संलग्न सदस्य केले. 1913 मध्ये पॅरिसबाहेर राहणाऱ्यांसाठी पहिल्यांदाच सदस्यत्वाच्या सहा जागा निर्माण झाल्या, त्यांतली एक त्यांना मिळाली. 14 सप्टेंबर 1916 रोजी आईकडच्या काब्रेस्पिन या गावी हृदयविकाराने ते गेले. 1884 च्या मंडळातले एमिल पिकार तोवर अकादमीतले मोठे प्रस्थ झाले होते. 1921 मध्ये द्युएम यांच्या जीवनकार्याचा गौरव करणारा निबंध त्यांनीच लिहिला.

अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन यांनी 1951 मध्ये हाच युक्तिवाद भौतिकशास्त्राबाहेर, सगळ्या ज्ञानाला लावला. द्युएम यांनी तो भौतिकशास्त्रापुरता ठेवला होता. जोडनावात हा फरक पुसला जातो, आणि सद्बुद्धीचे प्रकरण तर बहुतेकदा गळूनच पडते.

विश्वविषयक कल्पनांच्या इतिहासावरच्या त्यांच्या दहा खंडांपैकी पाच 1913 पासून निघाले होते. उरलेले हस्तलिखितात होते. एलेनने ते जपले आणि छापले जावेत म्हणून तिने कित्येक वर्षे प्रकाशकाचा पाठपुरावा केला. सहावा खंड 1954 मध्ये आला, दहावा 1959 मध्ये. तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. प्रकाशक हेरमान, 1886 मध्ये तो नाकारलेला प्रबंध छापणारेच.